कंपनीची कचेरी : दर्शनी भिंत आणि अंतर्भाग

कार्यालयीन वास्तूची समीक्षा बहुधा दर्शनी भिंतीपाशी थांबते. आत मेजापाशी दिवस काढणारा माणूस विवेचनातून निसटतो. मुंबईच्या फोर्ट विभागातील 'न्यू इंडिया ॲश्युरन्स'ची इमारत या दृष्टीने पुनर्विचारास पात्र आहे. सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये स्थापिलेल्या या विमा कंपनीसाठी मास्टर, साठे आणि भुता या वास्तुशिल्पज्ञांनी १९३६ च्या सुमारास ही प्रबलित काँक्रीटची वास्तू रचली, शिल्पे ना. ग. पानसरे यांची. आर्ट डेको संप्रदायात उभ्या पट्ट्या पुष्कळदा केवळ शोभेच्या असतात. येथे त्या उंचीचा प्रत्यय तर देतातच, शिवाय आत सरलेल्या खिडक्यांवर छायाही धरतात.

पानसऱ्यांच्या उत्थित शिल्पांचा भर शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया अशा श्रमजीवींवर आहे. विम्यासारख्या अमूर्त व्यवहारास मूर्त विषय सापडणे कठीण. तो ग्रामीण श्रमांत शोधला, हे उचितच झाले. परंतु भिंतीमागे चालणारा श्रम लेखणीचा व खातेवह्यांचा होता, आणि त्या श्रमाला शिल्पविषयाची प्रतिष्ठा लाभली नाही.

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या परिसरातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या माणसाला भिंतीवरील शेतकरी आपला वाटला असता. त्याच्या मुलखातील कौलारू घरात सोपा, माजघर, परसू असा क्रम असतो. आप्त पुढे आत जातो, पण सोप्यावर परक्यालाही बसावयास जागा असते. कचेरीच्या रचनेत सोप्याची जागा काउंटरच्या फळीने घेतली, आणि शिल्पात गौरविलेला शेतकरी त्या फळीशी केवळ अर्जदार म्हणून उभा राहिला. हा दोष एका इमारतीचा नव्हे. तो कचेरी या वास्तुप्रकाराचाच म्हणावा लागेल.

फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेतील बफेलो येथे १९०६ मध्ये पूर्ण केलेली लार्किन कंपनीची इमारत (ती १९५० मध्ये पाडली गेली) अंतर्भागापासून विचार करणारी होती. वरून उजेड घेणाऱ्या मध्यवर्ती दालनात कारकून व अधिकारी एकत्र बसत. पोलादी मेजे-खुर्च्याही राइट यांनीच आखल्या. मात्र काही खुर्च्या मेजांनाच जोडलेल्या होत्या, आणि मोकळ्या दालनात प्रत्येक जण नजरेखाली राहत असे. मोकळेपणा आणि देखरेख यांत येथे फारसे अंतर उरले नव्हते.

न्यूयॉर्कच्या लीव्हर हाउसपासून (१९५२) काचेची पडदाभिंत प्रतिष्ठेची खूण ठरली. तिचे अनुकरण मुंबई-पुण्याच्या उन्हात करताना जे काम पानसरे-साठ्यांच्या काळी पट्ट्यांची सावली करी, ते वातानुकूलन यंत्रांवर सोपवावे लागते. आतील मांडणीचे भाग्यही फारसे वेगळे नाही. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये हलविता येणाऱ्या पडद्यांची जी पद्धती सिद्ध केली, तिचा हेतू काम करणाऱ्यास स्वातंत्र्य देण्याचा होता. कंपन्यांना मात्र तीत जागेची काटकसर दिसली. पडदे काटकोनात अडकविले गेले, चौकटी लहान होत गेल्या, आणि पुढे खुद्द प्रॉप्स्ट यांनाच त्या परिणामावर कठोर टीका करावी लागली.