धावणाऱ्यांसाठी ढोल

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोरांदो पिएत्री हा इटालियन धावपटू मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा कोसळत राहिला. न राहवून अधिकाऱ्यांनी त्याला उभं केलं, आधार दिला. त्याने अंतिम रेषा ओलांडली, पण मदत घेतली म्हणून तो बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला. सुवर्णपदक मात्र गेलं ते गेलंच. आज जगभर धावतात ते ४२.१९५ किलोमीटरचं अंतर त्याच शर्यतीतलं. धावणाऱ्याला हात द्यायचा नाही, हेही त्या प्रसंगाने लोकांच्या मनात कायमचं ठसवलं. मग रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आईने, बायकोने, मित्राने करायचं काय? आवाज द्यायचा. त्यांच्या हाती तेवढंच असतं.

आणि आवाज देण्याची कला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली आहे. २७ एप्रिल २०२५ च्या रविवारी लंडन मॅरेथॉनच्या रस्त्यावर तुमच्यातल्या काही मुलामुलींनी ती कला ज्या तऱ्हेने वापरली, ती मी डोळ्यांनी पाहिली. लंडनमधल्या तुमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा तुमचा निरोप आला तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही.

मी भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर राहते. त्या दिवशी धावणारा माझा भाचा. तो याच रस्त्यावर वाढला. संध्याकाळी केबिन रोडवर चालायलाही जागा नसते; रिक्षा, भाजीच्या गाड्या, स्टेशनवरून सुटलेली गर्दी. त्यामुळे धावायचं तर उजाडायच्या आत पश्चिमेला जायचं आणि राई, मुर्धा, मोर्वा अशी गावं मागे टाकत मिठागरांच्या कडेने उत्तनची वाट धरायची, हा त्याचा कॉलेजपासूनचा परिपाठ. आणि भाद्रपद आला की धावणं बंद, ताशा सुरू. आमच्याकडे मिरवणुकीत नाशिक बाजा असायचा, बेंजो असायचा. ही मुलं मात्र हट्टाने ढोल-ताशाच वाजवायची. केबिन रोडवरून जेसल पार्कच्या खाडीकडे निघालेल्या गणपतीपुढे हा मुलगा गळ्यात ताशा अडकवून तासन्‌तास वाजवत राहायचा आणि घरी आल्यावर बोटांच्या चिकटपट्ट्या सोडवायला माझ्यापुढे हात करायचा.

लंडनला नोकरीसाठी गेल्यावर दोन्ही गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. तुमच्या ढोल-ताशा पथकात तो आला तेव्हा ढोल होते, हौस होती, ताशा वाजवणारे कमी होते. ढोल-ताशाची गंमत अशी की लोकांच्या नजरेत भरतो तो ढोल, पण सगळ्या पथकाची सूत्रं ताशाकडे असतात. ठोका कुठे बदलायचा, लय कधी चढवायची, कुठे एकदम थांबायचं, हे ताशा सांगतो. वेताच्या दोन बारीक काड्यांनी अखंड, झरझरती तर्री धरणं दिसतं तितकं सोपं नाही. मनगट सैल आणि काडी ताठ राहायला वर्षं जातात. भाच्याने तुमच्याकडच्या पाच-सहा मुलांना ते शिकवलं. वस्तीला त्रास नको म्हणून लांबच्या मोकळ्या जागेत, थंडीवाऱ्यात, रविवारी सकाळी. इंग्लंडच्या दमट हवेत चामड्याचं पान सैल पडतं म्हणून ढोलांना फायबरची पानं बसवली. तुटलेल्या काड्यांच्या जागी नव्या काड्या इथून जाणाऱ्या प्रत्येकाच्या सामानातून गेल्या. त्यांतल्या काही माझ्याही बॅगेतून गेल्या आहेत.

आता त्या रविवारची गोष्ट.

लंडन मॅरेथॉनच्या मार्गावर टॉवर ब्रिज ओलांडला की धावणारे उजवीकडे ‘द हायवे’ नावाच्या रस्त्याला लागतात. तिथे साधारण २१ किलोमीटर झालेले असतात. पुढे आइल ऑफ डॉग्ज आणि कॅनरी वॉर्फचा वळसा घालून ते त्याच रस्त्यावर उलट्या दिशेने परत येतात, तेव्हा ३५ च्या पुढे गेलेले असतात. म्हणजे एकाच जागी उभं राहून आपला माणूस दोनदा दिसतो. तुमच्या मंडळींनी हीच जागा हेरली होती. सकाळी लवकर येऊन फुटपाथवर दोन ढोल, एक ताशा, झांजा आणि भगवा ध्वज घेऊन सगळे उभे. सोबत आई-वडील, बाळाची गाडी, थर्मासमधला चहा आणि डब्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या. अंगावर ऊन येत होतं; एप्रिलच्या लंडनला न शोभणारं ऊन होतं त्या दिवशी.

ताशा कोणाकडे? नेहमी वाजवणारा तर धावत होता. ताशा होता त्याने शिकवलेल्या, लंडनमध्येच जन्मलेल्या एका शाळकरी मुलीच्या गळ्यात. मराठी ती तुमच्या घरातली मुलं बोलतात तशी, अडखळत पण प्रेमाने बोलते. पहिल्यांदा भाचा आला तेव्हा तो ताजातवाना होता. त्याच्या बनियनवर देवनागरीत ‘भाईंदर’ लिहिलेलं. आजूबाजूच्या गर्दीला ते वाचता येत नव्हतं, पण आमच्या घोळक्याने त्या अक्षरांवरूनच त्याला लांबून ओळखलं. ढोल कडाडले, त्याने हात उंचावला आणि क्षणात तो पुढे निघून गेला. एवढ्याचसाठी आपण भल्या पहाटे उठून आलो का, असं कोणालाही वाटेल. पण खरं पथक दिसलं ते त्यानंतरच्या दीड तासात.

आपला माणूस पुढे गेला म्हणून कोणी ढोल खाली ठेवला नाही. मुलं अनोळखी लोकांसाठी वाजवत राहिली. त्या दिवशी ५६,६४० जणांनी ही मॅरेथॉन पूर्ण केली. तोवर जगातल्या कुठल्याही मॅरेथॉनमध्ये एवढ्या लोकांनी शेवट गाठला नव्हता. एवढा लोंढा डोळ्यांसमोरून वाहत असताना या मुलांची नजर मात्र एकेका माणसावर होती. कोणी चालायला लागलेला दिसला की छातीवरचं त्याचं नाव वाचून त्या नावाचा पुकारा आणि त्यावर ठोका. गेंड्याचा अवजड पोशाख चढवून धावणारा एक जण आला, त्याच्यासाठी वेगळा ठेका. एक पोक्त बाई कठड्याला धरून पोटऱ्या ताणत उभ्या होत्या. ढोलवाला मुलगा त्यांच्या समोर जाऊन हळू लयीत वाजवू लागला, आणि त्या हसल्या, मग चालू लागल्या, मग धावू लागल्या. मध्येच कोण्या अनोळखी धावपटूने पायांची गती न मोडता आमच्याकडे वळून ‘मोरया’ म्हणून हाक दिली. तो कुठल्या गावचा, कळलं नाही. सगळ्या पथकाने एका सुरात त्याला उत्तर दिलं.

लय आणि पाय यांचं नातं आपल्या मिरवणुकीला नवं नाही. लंडनच्याच ब्रुनेल विद्यापीठातले कॉस्टास कॅरागिऑर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. नेमक्या लयीचं संगीत कानावर असलं की मध्यम श्रमांत तीच मेहनत कमी वाटते, असं हे संशोधन सांगतं. पण ३० किलोमीटरच्या पुढे, स्नायूंमधला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय जागचे हलेनासे होतात, तिथे नुसता वेग देऊन चालत नाही. मला त्या मुलीचं मोठेपण तिथे दिसलं. भाचा परत आला तो पार उतरून आला होता. चेहऱ्यावर मिठाची पांढरी रेघ, खांदे पडलेले. तिने त्याला पन्नासेक पावलांवरून पाहिलं आणि चढलेली लय उतरवली. पार त्याच्या पावलाइतकी. दोन्ही ढोल तिच्या मागोमाग खाली आले. तो आमच्या समोर येईपर्यंत ठोका आणि त्याचं पाऊल एकत्र पडत होतं. मग तिने तर्री धरली आणि थोडी थोडी लय वाढवत नेली, आणि तोही वाढला. मान वर झाली. कोणी त्याला स्पर्श केला नाही, पाण्याची बाटलीसुद्धा दिली नाही. ‘मावशी, मला वाटलं मीच वाजवतोय,’ असं त्याने संध्याकाळी मला सांगितलं. शिकवणाऱ्याला याहून मोठी गुरुदक्षिणा मला माहीत नाही.

परदेशात कला जपतात म्हणजे काय, याबद्दल माझं एक स्पष्ट मत आहे आणि ते मी या स्मरणिकेत मांडतेच. सभागृहात, पाहुण्यांसमोर, वर्षातून एकदा दहा मिनिटं सादर केली की कला टिकते, असं मला वाटत नाही. कलेला काम लागतं. लोकमान्यांनी १८९३ पासून गणपतीला रस्त्यावर आणलं तेव्हा वाद्यांना काम मिळालं. पुढे पुण्यात आप्पा पेंडसे यांच्या ज्ञान प्रबोधिनीने ढोल-ताशाला शाळेची शिस्त दिली, तेव्हा त्याला नवे हात मिळाले. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, शिकागोचं १९६९ चं. एवढ्या वर्षांत परदेशातल्या मराठी माणसांनी नाटकं केली, दिवाळी अंक काढले, गणपती बसवले. तुम्ही त्याच्या पुढे एक पाऊल टाकलं. देवापुढे वाजणारा ढोल तुम्ही थकलेल्या माणसापुढे वाजवलात, तोही परक्या शहरात, जिथे तो ऐकणाऱ्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही. त्या शहराने तो आपला मानून घेतला. शेजारी उभं असलेलं एक इंग्रज कुटुंब आपल्या मुलासाठी वाजवा म्हणून विनवत होतं. त्यांचा मुलगा आला तेव्हा झांजा त्यांच्याच हातात होत्या.

इथे मुंबईत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी जे होतं, त्याचं हे भावंडच म्हणायचं. २००४ ला मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. तिच्यासाठी पहाटे खास लोकल सोडतात आणि भाईंदरच्या फलाटावर त्या अंधारात छातीला क्रमांक टाचलेली माणसं दिसतात. सी लिंकवर प्रेक्षक नसतात, तिथे प्रत्येक जण एकटा. पण माहीम, शिवाजी पार्कला लोक संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ घेऊन दारात उभे असतात. परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना पेडर रोडचा चढ लागतो, आणि तिथल्या ढोल-लेझीमचा आवाज आधी ऐकू येतो, चढ मागाहून दिसतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर याच रस्त्यावर भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिच्या मागे मुंबईचा हा आवाज होता.

ज्याच्या मागे आपला म्हणावा असा आवाज नव्हता, त्या एका माणसाची आठवण मला त्या दिवशी द हायवेवर उभी असताना फार येत होती. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी आपली माणसं पाहिली आणि त्यांना ऑलिंपिकला न्यायचं मनावर घेतलं. १९२० मध्ये तो छोटा चमू बोटीने निघाला आणि अँटवर्पच्या ऑलिंपिकआधी काही आठवडे लंडनमध्ये सराव करत होता. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती आणि पाऊस पडत होता. साताऱ्याचे सदाशिव दातार यांना ती पूर्ण करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पोहोचले, एकोणिसावे आले. त्या ओल्या, परक्या रस्त्यावर त्यांच्या भाषेत हाक मारणारे किती जण असतील? शंभर वर्षांनंतर, ज्या शहरात त्यांनी सराव केला, त्या शहरात केबिन रोडच्या एका मुलासाठी ताशा वाजला. मला ही साधी गोष्ट वाटत नाही.

म्हणून मंडळाला माझं मागणं आहे. लंडन मॅरेथॉन पुन्हा एप्रिलमध्ये येईल. द हायवेची जागा पक्की करा, दरवर्षी तीच ठेवा, म्हणजे धावणाऱ्या मराठी माणसाला आपला आवाज कुठे भेटणार हे आधीच माहीत असेल. ताशा शिकायची इच्छा असलेल्या मुलांनी पुढच्या गणपतीची वाट न पाहता विसर्जन झाल्या झाल्या नावं द्यावीत. एप्रिलपर्यंत हात बसायला तेवढे महिने लागतातच. लेझीमची एक जोडी तुमच्याकडे कमी आहे, ती मी इथून पाठवते. आणि पथकाच्या ध्वजाखाली एक पट्टी शिवून घ्या, तिच्यावर चौगुल्यांचं नाव घाला.