हरवलेलं पॅकेट काय सांगतं?

व्हॅन जेकबसन यांचा 1988 चा शोधनिबंध आम्ही तर्कशास्त्राच्या अंगानं वाचला. 1986 साली बर्कलेत डेटावेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला, त्यावरचा हा उपाय. पॅकेट हरवलं की वाट तुंबली असं समजायचं आणि वेग कमी करायचा. हे अनुमान चालतं, कारण वाटेत पॅकेटं क्वचितच बिघडतात, असं जेकबसन स्वतःच नमूद करतात. बिनतारी जाळ्यात मात्र सिग्नल क्षीण झाला तरी पॅकेट हरवतं. वाट मोकळी असूनही वेग उगाच घटतो. नैयायिक याला सोपाधिक हेतू म्हणतील. आग तिथं धूर, हे ओल्या सरपणापुरतंच खरं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर कुठाय? आमचा आक्षेप निबंधावर नाही. त्यातली अट विसरून नुसता नियम उचलणाऱ्यांवर आहे.