पिल्लं सापडली म्हणजे नर्सरी झाली का?

‘कांदळवनात माशांची पिल्लं भरपूर सापडली, म्हणून ती नर्सरी आहे, म्हणून ती वाचवा.’ असा युक्तिवाद तुम्ही कितीतरी पेपरांत वाचला असेल. संदर्भ म्हणून बहुधा मायकेल बेक आणि सहकाऱ्यांचा ‘बायोसायन्स’मधला २००१ चा लेख दिलेला असतो. गंमत म्हणजे त्या लेखाने नेमकं याच घाईवर बोट ठेवलं होतं.

बेक यांची कसोटी कडक आहे. पिल्लांची घनता, वाढ, जगण्याचं प्रमाण आणि मोठ्या माशांच्या वस्तीपर्यंतचं स्थलांतर, या चारही गोष्टी एकत्र बघायच्या. प्रौढ साठ्यात पोचणारे मासे दर हेक्टरी इतर अधिवासांच्या सरासरीपेक्षा जास्त असतील, तरच ती नर्सरी. नुसती गर्दी मोजून भागत नाही, कारण गर्दी करणारी पिल्लं तिथेच मरूही शकतात.

लेखाची ताकद इथे आहे आणि कच्चा दुवाही इथेच. ‘दर हेक्टरी’ हे शब्द बघा. समजा, एका खाडीत १० हेक्टर कांदळवन आहे आणि तिथून हेक्टरी १०० मासे प्रौढ होतात. एकूण १,०००. शेजारी २०० हेक्टर चिखलपट्टा आहे, तिथून हेक्टरी फक्त २०. एकूण ४,०००. या कसोटीवर कांदळवन पास, चिखलपट्टा नापास. पण पाचातले चार मासे नापास जागेतून आले! क्रेग डालग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हाच आक्षेप घेतला आणि एकूण वाटा मोजणारी ‘इफेक्टिव्ह जुव्हेनाइल हॅबिटॅट’ ही संकल्पना मांडली.

माझ्या मते दोन्ही मापं लागतात, कारण प्रश्न वेगळे आहेत. थोड्या पैशांत कुठला पट्टा आधी जपायचा, हे दर हेक्टरी आकड्यावरून कळतं. काय गमावून चालणार नाही, हे एकूण वाट्यावरून.

नकाशा काढताना हा गोंधळ पक्का होतो. उपग्रहाच्या चित्रात कांदळवन ठळक दिसतं, गढूळ पाण्याखालचा तळ दिसत नाही. शिवाय मुळांच्या गुंत्यात जाळं ओढता येत नाही, उघड्या चिखलावर येतं. मग दोन्हीकडच्या घनतेची तुलना कशी करायची?

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत कांदळवनं आणि ‘जैविकदृष्ट्या सक्रिय’ चिखलपट्टे दोन्ही संवेदनशील वर्गात आहेत. पण १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला ५० मीटरचा बफर मिळतो, चिखलपट्ट्याला तसा लिहिलेला नाही. आणि चिखल ‘सक्रिय’ आहे हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं.

ते दाखवायला ओटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातला खडा, उपयोगी पडतो. त्याच्या थरांत साठलेल्या स्ट्रॉन्शियम, बेरियमवरून माशाचं बालपण कुठे गेलं याचा अंदाज बांधता येतो. मात्र एकमेकांना लागून असलेल्या दोन अधिवासांचं पाणी सारखंच असेल, तर ही खूण वेगळी निघत नाही.

तेव्हा पुढचा नर्सरीचा नकाशा हातात आला की आधी विचारा: यात पिल्लं मोजलीत, की पुढे मोठे झालेले मासे?