गोल झोपडी म्हणजे अधोगती?

घोड नदीकाठचे इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खणले. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर यांचे ऋण न मानता आपल्या आद्य शेतकऱ्यावर एक ओळही लिहिता येत नाही. जवाचे पीक, धान्याचे कोठार, पुराचे पाणी वळवणारा कालवा, घराच्या जमिनीखाली कुंभात पुरलेली मुले : इतके बारकाईने वाचलेले गाव आपल्याकडे दुसरे नाही.

माझी तक्रार शेवटच्या अध्यायाशी आहे. इ.स.पूर्व १०००च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडे झाले, लोक दरिद्री आणि अर्धभटके झाले. पाऊस घटला असेलही. पण गोल झोपडी म्हणजे दारिद्र्य, हे कशावरून?

मी माणदेशातला. दहिवडीपासून आटपाडीपर्यंत मेंढरांमागे बाहेर पडणारा धनगर आणि मागे हुलग्या-बाजरीचे रान राखणारा त्याचा भाऊ एकाच घरचे असतात. पाल दिसले म्हणून शेती बुडाली, असे आमच्याकडे कोणी समजत नाही.

आणि आमच्या सातारा-सांगलीची कृष्णाच पुढे रायचूर दुआबात जाते. तिथले राखेचे ढिगारे म्हणजे नवाश्मयुगीन गुराख्यांचे जळालेले शेण. मूग-हुलगे पिकवणारेही तेच लोक, आणि तेही इनामगावच्या आधी. त्या मुलखालगतच्या टेक्कलकोट्याला तर घरेही गोल सापडली! ती मात्र आरंभ ठरतात, इनामगावची अधोगती. इनामगावच्या वरच्या थरांतली शेळ्यामेंढ्यांची हाडे नि हुलगे या नजरेने पुन्हा तपासायला हवेत.