सांधणी आणि मुद्रितशोधन : एका रूपकाची तपासणी

पेशीविज्ञानात भाषेची रूपके इतकी रुळली आहेत की, ती रूपके आहेत याचाच विसर पडतो. आरएनएच्या प्राथमिक प्रतीतून इंट्रॉन गाळून एक्झॉन सांधले जातात, हे १९७७ साली फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्‌स यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. या सांधणीस कोणी ‘संपादन’ म्हणतात, तर तिच्यातील अचूकतेच्या राखणीस ‘मुद्रितशोधन’. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या उसनवारीने सुखावून जावे, अशी अपेक्षा दिसते. प्रस्तुत लेखकास ती तपासणे अधिक अगत्याचे वाटते.

‘संपादन’ हा शब्द तर सोडूनच द्यावा. आरएनएतील अक्षरच बदलणारी निराळी प्रक्रिया त्या नावाने ओळखली जाते. मुद्रितशोधनाचे तसे नाही. मुद्रितशोधकापुढे मूळ हस्तलिखित असते व तो ताडून पाहतो. सांधणी करणाऱ्या स्प्लायसोसोमपुढे असे मूळ नसतेच. इंट्रॉनच्या आरंभीचे ‘जीयू’ व शेवटचे ‘एजी’ या खुणा इतक्या तोकड्या की, तशी जोडाक्षरे (हा शब्द सैलपणेच घ्यावा) धाग्यात जागोजाग आढळतात. यीस्टमधील ‘प्रप१६’ या एन्झाइमाचे कार्य येथे उद्बोधक आहे. सांधणीची पहिली रासायनिक क्रिया आणि या एन्झाइमाकडून होणारे एटीपीचे विघटन यांत जणू शर्यत लागते. सदोष धाग्याची क्रिया मंद असते. ती घडण्यापूर्वीच एटीपी खर्ची पडले, तर तो धागा त्याज्य ठरतो. म्हणजे येथे चूक वाचली जात नाही. दिरंगाई हीच चुकीची खूण होय.

मोडीच्या वाचकाची उपमा त्यापेक्षा बरी. मोडीत शब्द न तोडता लिहीत. तोड संदर्भावरून लावावी लागे. परंतु त्या वाचकास अर्थ कळत असे. स्प्लायसोसोमला तो कळत नाही, आणि एसएमएन२ या जनुकाची कथा नेमकी हीच आहे. त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये सहाव्या स्थानी ‘सी’ऐवजी ‘टी’ आहे. दोन्ही पाठांतून अमिनो आम्ल एकच, फिनाइलअॅलनिन. कोशकार त्यांस समानार्थीच म्हणेल. तरी त्या एका अक्षरापायी बहुतेक प्रतींतून अख्खा एक्झॉन गळतो व अल्पजीवी प्रथिन निर्माण होते. मेरुरज्जूजन्य स्नायुक्षयाच्या रुग्णांत एसएमएन१ निकामी असल्याने भिस्त या दुबळ्या जनुकावरच राहते. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे औषध ते अक्षर दुरुस्त करीत नाही. शेजारच्या इंट्रॉनमध्ये एक्झॉन गाळण्यास प्रवृत्त करणारी जी जागा आहे, ती तेवढी ते झाकते.