एका नॅनोसेकंदात १७ रेणू : हा आकडा वाचायचा कसा?

कार्बन नॅनोट्यूबमधून पाणी कसं वाहतं, या विषयात शिरायचं म्हटलं की २००१ सालचा ‘नेचर’मधला हमर, रसैया आणि नोवोरिटा यांचा पेपर टाळता येत नाही. पेपर छोटा, भाषा स्वच्छ, निष्कर्ष धक्कादायक. त्यामुळेच तो अर्धवट वाचला जातो.

त्यांनी केलं काय? १.३४ नॅनोमीटर लांब आणि ०.८१ नॅनोमीटर व्यासाची एक नळी पाण्यात ठेवली आणि ६६ नॅनोसेकंदांचं सिम्युलेशन चालवलं. नळीची भिंत पाण्याला न जुमानणारी, तरी पाणी आत शिरलं आणि टिकलं. आत जेमतेम पाच रेणू, एकामागोमाग एक, हायड्रोजन बंधांनी हात धरून उभे. नॅनोसेकंदाला सरासरी १७ रेणू आरपार जातात. हा वेग पेशीतल्या ॲक्वापोरिन प्रथिनाच्या तोडीचा!

पेपरची खरी ताकद मात्र मला या आकड्यात दिसत नाही. कार्बन आणि पाण्यातलं आकर्षण किंचित कमी केलं तर काय होतं, हेही लेखकांनी तपासलं. नळी कधी पूर्ण भरलेली, कधी पूर्ण रिकामी, अशी उड्या मारू लागते. म्हणजे निष्कर्ष एका पॅरामीटरच्या धारेवर उभा आहे, आणि ते त्यांनी स्वतःच सांगितलंय. असा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

आता उणीव. या सिम्युलेशनमध्ये लिपिडचं पटल नाहीच. पटलाचा आतला तेलकट थर साधारण ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. ही नळी त्याच्या निम्मीही नाही. ती पटलात चॅनेल होऊच शकत नाही. शिवाय टीआयपी३पी हे पाण्याचं मॉडेल खऱ्या पाण्याच्या दुपटीहून जास्त वेगानं पसरतं. म्हणून १७ हा त्या मॉडेलचा आकडा आहे, निसर्गाचा नव्हे.

पटल आणलं की गोष्ट बदलते. २००४ साली लोपेझ, नील्सन, मूर आणि क्लाइन यांनी ‘पीएनएएस’मध्ये दाखवलं की टोकांना जलस्नेही गट असलेली नळी आपणहून पटलात घुसते. नळी संपूर्ण जलविरोधी असेल, तर लिपिडच्या शेपट्याच तिचं तोंड बुजवतात. पण हे मॉडेल ढोबळ होतं, आणि ढोबळ मॉडेलची किंमत मोजावी लागते. आज सर्रास वापरलं जाणारं मार्टिनी मॉडेल घ्या. त्यात पाण्याचे चार रेणू मिळून ०.४७ नॅनोमीटरचा एक मणी होतो. त्यात एकेरी रांग दिसणार कुठून? जे मॉडेल नळी आत शिरताना दाखवतं, ते पाण्याची रांग दाखवत नाही. जे रांग दाखवतं, त्याला नळी शिरेपर्यंत थांबणं परवडत नाही. दोन वेगळ्या मॉडेलांची चित्रं शेजारी ठेवून ‘नळी शिरते आणि पाणी वाहतं’ असं एकच वाक्य लिहिणं म्हणजे दोन अर्धे पुरावे शिवून एक अख्खा केल्यासारखं आहे.

“पण प्रयोगानं सिद्ध झालंच ना?” असं कुणी विचारेल. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये ०.८ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या लिपिड पटलात बसवून मोजमाप झालं, आणि पाणी ॲक्वापोरिनपेक्षाही सुमारे दसपट सहज जातं असं आढळलं. एकेरी रांगेत पाणी जोरात जातं, ही कल्पना टिकली. पण त्या नळ्या २००१ मधल्या नळीपेक्षा कितीतरी लांब होत्या आणि लिपिडच्या सोबतीनंच तोडून तयार केलेल्या होत्या. कल्पना खरी ठरली, एवढ्यानं जुना आकडा खरा ठरत नाही.

तुमच्या प्रपोजलमध्ये हा आकडा उतरवण्याआधी तीन गोष्टी शेजारी लिहा : पाण्याचं मॉडेल कोणतं, नळीची टोकं कशी, आणि पटल होतं की नव्हतं. तिन्ही लिहिता आल्या, तरच पुढची तीन-चार वर्षं त्या आकड्यावर उभी करा.