जाळी पसरण्याची जागा

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात एक साधी प्रतिमा दोन ठिकाणी येते. पाण्याकाठची उघडी जागा आणि तिच्यावर पसरलेली जाळी, एवढीच ती प्रतिमा. सव्विसाव्या अध्यायात ती शाप म्हणून येते, सत्तेचाळिसाव्यात वरदान म्हणून. प्रवचनात आपण या ग्रंथातील सुक्या हाडांचे खोरे घेतो, मेंढपाळांचा अध्याय घेतो. ही जाळी सहसा राहून जातात. किनारा कोणाचा, तेथे कोणी जावे, कोणी काय वाळत घालावे, हा प्रश्न आपल्या साऱ्या किनारपट्टीला भेडसावीत असताना या दोन उल्लेखांकडे, आणि त्यांच्या अनुषंगाने किनाऱ्याविषयीच्या इतर काही लेखनाकडे, वाङ्मयाचा वाचक म्हणून पाहावे असे आम्हांस वाटते.

सोर हे व्यापाऱ्यांचे नगर. पुढच्याच अध्यायात संदेष्टा त्याच्या बाजारपेठेतील मालाची यादीच देतो : चांदी, लोखंड, कथील, शिसे, हस्तिदंत, आबनूस, गहू, मध, तेल, द्राक्षारस, लोकर. हे सारे वैभव खरवडले जाईल, उघडा खडक उरेल आणि त्यावर जाळी पसरली जातील, असा तो शाप आहे. ज्याच्या गोदीत एवढ्या देशांची गलबते लागत त्याच्या दृष्टीने वाळत घातलेले जाळे म्हणजे ओसाडपणाची परिसीमा. त्याच्या लेखी तेथे आता कोणीच नाही. जाळे आहे म्हणजे जाळ्याचा धनीही जवळपास असणार, हे त्याच्या गावीही नाही.

सत्तेचाळिसाव्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून झरा निघतो, पूर्वेकडे वाहत क्षार समुद्रास मिळतो आणि ते मृत पाणी गोडे होते. मासे येतात, नाना जातींचे, महासागरातल्यासारखे. मग काठाने कोळी उभे राहतात, आणि एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत जाळी पसरण्याची जागा होते. संदेष्टा येथेच थांबत नाही. दलदलीचे भाग मात्र खारेच राहतील, ते मिठासाठी ठेवलेले आहेत, असेही तो सांगतो. वसईच्या वाचकाला हे वाचताना मिठागरांची आठवण न झाली तरच नवल! दिव्य दर्शनाच्या ऐन भरात मिठाची सोय पाहणारा हा संदेष्टा आम्हांस फार जवळचा वाटतो.

जाळे तेच, काठही तसाच. बदलली आहे ती पाहणाऱ्याची जागा. सोरच्या धक्क्यावरून पाहिले की पसरलेले जाळे ही रिकामी जमीन. काठावर उभे राहून पाहिले की ते भरल्या घराचे लक्षण. किनाऱ्याविषयीचा कोणताही मजकूर, कविता असो वा अधिसूचना, कोणत्या जागेवरून लिहिला आहे हे ओळखण्यास ही कसोटी आम्हांस पुरेशी वाटते.

या कसोटीस उतरणारा एक ग्रंथ अनपेक्षित ठिकाणी सापडतो. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून इ. स. ५३३ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक पाठ्यपुस्तक सिद्ध झाले. त्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीच हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचे किनारे ही निसर्गनियमाने सर्वांची सामायिक होत, असे म्हटले आहे. कोणाची घरे, स्मारके, इमारती यांना धक्का न लावता कोणीही किनाऱ्यावर जावे. किनारा म्हणजे काय, तर हिवाळ्यातील सर्वांत मोठे उधाण पोहोचते तेथपर्यंतची भूमी. तेथे आसऱ्यासाठी खोपटे बांधण्यास, जाळी सुकवण्यास व ती पाण्यातून ओढून घेण्यास प्रत्येकास मोकळीक आहे. साम्राज्याच्या कायद्यात खोपटे आणि जाळे! तत्त्व सांगून झाल्यावर उदाहरण द्यायचे तर राजवाड्याचेही देता आले असते. त्या पंडितांनी दिले ते कोळ्याचे, आणि म्हणूनच त्यांचे तत्त्व हवेत राहिले नाही.

हा वारसा आपल्यापर्यंत सरळ आला नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने १८२१ मध्ये ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल या खटल्यात समुद्रस्नानासाठी किनारा ओलांडण्याचा हक्क जनतेला सर्वसाधारण कायद्याने नाही, असा बहुमताने निर्णय दिला. न्यायमूर्ती बेस्ट एकटे विरोधात राहिले. किनारा कोणा मालकाचा असतो, आणि दुसरा मालक नसेल तर तो राजाचा, ही समजूत इंग्रजी अमलाबरोबर येथे रुजली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे विसावे कलम वाचावे. भरतीरेषेखालील समुद्राचा, बंदरांचा व खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे असे ते घोषित करते. कोणाचा हक्क प्रस्थापित झाला असेल तर तेवढा वगळून. त्या कलमाचा सगळा जीव या 'प्रस्थापित' शब्दात आहे. शेतकऱ्याजवळ सातबारा असतो. वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या बोंबील सुकवणाऱ्या कुटुंबाजवळ काय असते? वलांडीच्या काठ्या, आणि ही जागा अमक्याच्या आजीची हे साऱ्या पाड्याला ठाऊक असणे. मालकीच्या या कल्पनेची व्याप्ती किती, हे वाढवणने दाखवले. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये तेथील बंदरास नकार दिला होता. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच ठिकाणच्या बंदरास मान्यता दिली, आणि त्यासाठी १४४८ हेक्टर भराव घालावयाचा आहे तो जमिनीवर नव्हे, समुद्रात.

आता सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना, ज्यांना सारे सीआरझेड म्हणतात. त्यांचा कायदेशीर कीस वकिलांनी काढावा. आम्ही त्या मजकूर म्हणून वाचतो. १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेत परंपरागत हक्क आणि रूढ वापर हे शब्द आहेत, आणि ते वाचून कोणालाही हायसे वाटेल. पण ते कोठे आहेत? भरतीरेषेपासून २०० ते ५०० मीटरांमधील राहत्या घरांच्या संदर्भात, जुनी मच्छीमार गावे व गावठाणे यांची उदाहरणे देऊन. वाळू या शब्दांच्या कक्षेबाहेर राहते. २०११ च्या अधिसूचनेत मासे सुकवण्याची आवारे व जाळी दुरुस्तीची आवारे प्रकटतात, लिलावगृहे व होड्या बांधण्याची आवारे यांच्या पंक्तीत : स्थानिक मच्छीमारांना लागणाऱ्या 'सुविधा' म्हणून, ज्यांना परवानगी देता येईल. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक लोक असतील तेथे, ना-विकास क्षेत्र २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणले. शिवाय किनाऱ्यावरील तात्पुरत्या पर्यटन सुविधांची लांबलचक यादी दिली : शॅक, कपडे बदलण्याच्या खोल्या, शॉवर, पायवाटा, आसने. जाळी दुरुस्ती आणि शॉवर आता एकाच व्याकरणात बसतात, दोन्ही परवानगीयोग्य. रोमन पाठ्यपुस्तकात परवानगी देणारा कोणी नव्हता. हा फरक आम्हांस मीटरांच्या फरकाहून गंभीर वाटतो.

यावर कोणी म्हणेल की किनारा सर्वांना खुला राहिला की कोळ्यालाही खुला राहिलाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात, रोमन विचाराचा आधार घेऊनच, समुद्र, नद्या, वने ही शासनाजवळ जनतेची ठेव आहे हे तत्त्व स्वीकारले, आणि ते मोलाचे आहे. पण 'जनता' या शब्दात फिरावयास आलेला व पोटासाठी उभा असलेला हे दोघे सारखेच दिसतात. सिंधुदुर्गात किंवा गोव्यात रापण ओढावयाची तर वाळूची लांब मोकळी पट्टी लागते. ओढणाऱ्यांच्या दोन रांगा पाण्यापासून वर सरकतात, त्यांच्या वाटेत छत्र्या व खुर्च्या मांडलेल्या असतील तर रापण होत नाही. तेथे कोणाचाही प्रवेश कोणी रोखलेला नसतो. सार्वजनिक प्रवेश आणि रूढीचा हक्क या दोन गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. कधी कधी पहिली दुसरीला गिळते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातही पंचेचाळिसाव्या परिच्छेदात सुंदर स्थळांच्या खासगीकरणाने लोकांचा प्रवेश रोखला जातो अशी खंत आहे, आणि एकशे एकोणतिसाव्यात लहान प्रमाणावरील स्थानिक मासेमारीचा गौरवाने उल्लेख आहे. सौंदर्य आणि श्रम यांची ही स्थळे एकच असू शकतात, हे मात्र जोडून घेण्याचे काम वाचकावर राहते.

रूढीची बाजू घेताना तिला देव्हाऱ्यात बसवू नये. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही १९५६ ची मल्याळम कादंबरी तिच्यातील प्रेमकथेसाठी गाजली. आम्हांस ती अधिक मोलाची वाटते ती तिच्यातील किनाऱ्याच्या कायद्यासाठी. होडी व जाळे कोणत्या जातीने घ्यावे हे तेथे रूढीने ठरलेले आहे, आणि किनाऱ्याच्या प्रमुखास मान दिल्यावाचून चेंबनकुंजूची होडी पाण्यात उतरू शकत नाही. आपल्याकडेही डोल जाळ्यांसाठी समुद्रात कवी मारण्याच्या हद्दींवरून वसई-उत्तन आणि पालघर-डहाणू येथील मच्छीमारांत जुना वाद आहे. तेव्हा रूढी म्हणजे सामंजस्य, असा भाबडा समज नको. परंतु वादही ज्याचा हक्क मानलेला असतो त्याच्याशीच होतो. एम. एस. स्वामिनाथन समितीने २००९ च्या अहवालात वनहक्क कायद्याच्या धर्तीवर मच्छीमारांच्या हक्कांसाठी कायदा सुचवला होता, तो झाला नाही. झाला असता तर हे वाद मिटले नसते, पण भांडणाऱ्या दोघांचीही नावे तरी कागदावर आली असती.

आणि आपले स्वतःचे लेखन? आमच्यासारख्या नियतकालिकांत येणाऱ्या कविता पाहिल्या तर किनाऱ्यावर सूर्य मावळतो, लाटा पायांना शिवतात, कवीला आई आठवते. आपले ललित लेखन वाडी जाणते, विहीर जाणते, रहाटाचा आवाज आणि पानमळ्याची सावली जाणते. कोळीण मात्र त्यात पाटी घेऊन दारात येते आणि भाव करून निघून जाते. ती कोठून आली, पहाटे तिने जवळा कोठे पसरला, ओहोटीला कालवांच्या खडकाकडे ती कोणत्या वाटेने गेली, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. ती आपल्याच मिस्सेला, आपल्याच बाकावर बसलेली असते तरीही! सूर्यास्ताची कविता वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. पण तीही दूर उभे राहून लिहिलेली आहे, आणि तिच्यातला किनारा सोरच्या व्यापाऱ्याला दिसला तितकाच रिकामा आहे.

२०११ च्या अधिसूचनेत एक उपयोगी वाक्य आहे. मच्छीमार गावे, त्यांच्या सामायिक जागा, मासे सुकवण्याच्या जागा हे सारे गावपातळीच्या मोठ्या नकाशांवर दाखवावे, असे ते सांगते. नकाशा काढणाऱ्याला या जागा सांगणार कोण? त्यांची नावे महसुलाच्या दप्तरात नाहीत. ती आहेत म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात, होडीच्या शपथांत, भांडणांत, एखाद्या खडकाच्या टोपणनावात. ही सामग्री मोजणी अधिकाऱ्याच्या हाती लागण्याआधी कथालेखकाच्या हाती लागावयास हवी होती. यहेज्केलने बंदिवासात, शेकडो कोसांवरून, न पाहिलेल्या किनाऱ्याचे दर्शन लिहिले, आणि तरीही जाळ्यांची जागा कोठून सुरू होते व कोठे संपते ती दोन गावे नावानिशी नोंदवली.